मगलांच्या मुलखातलं बदक

माझ्या मुलीनं मला पहिल्यांदा मगल म्हटलं तेव्हा मी धपाट्याचं पीठ मळत होते. शिवी असणार असं धरून मी पिठाचा हात तसाच वर उगारला. आमच्या मुक्ताचं वय चोवीस. पुण्याला नोकरी करते, दिवाळीला घरी येते आणि दर दिवाळीला पुण्याहून एखादं नवं खूळ घेऊन येते. म्हटलं, या वर्षी शिव्या आणल्या वाटतं.

शिवी नव्हती. तिचा एक खेळ आहे. जगभर लाखभर माणसं तो खेळतात म्हणे. कुणीतरी कुठंतरी एक डबा लपवायचा, झाडाच्या ढोलीत नाहीतर दगडाच्या कपारीत. त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकायचे. मग दुसऱ्या कुणीतरी मोबाईल घेऊन तो हुडकायचा. डब्यात एक वही असते, तिच्यात नाव लिहायचं. आतली एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची किंवा जास्त मोलाची वस्तू मागं ठेवायची, आणि डबा होता तिथंच परत ठेवून घरी यायचं.

"मग मिळतं काय?" मी विचारलं.

"सापडतो ना डबा."

"ते कळलं. पण मिळतं काय?"

"आई," मुक्ता म्हणाली, "हा प्रश्न जे विचारतात ना, त्यांनाच मगल म्हणतात."

थोडक्यात, ज्यांना या खेळाचा गंध नाही ते सगळे मगल. डबा हुडकताना मगल दिसला तर गप्प उभं राहायचं, फोनवर बोलल्यासारखं करायचं, फोटो काढल्यासारखं करायचं. मगलासमोर डबा काढणं म्हणजे महापाप. कारण मगलाला डबा दिसला की तो उचलून नेतो. असा डबा नाहीसा झाला की ही मंडळी उसासा टाकून म्हणतात, "डबा मगलला."

आमचे हे मोजणी खात्यात आहेत. तीस वर्षं लोकांच्या बांधावरच्या खुणा हुडकण्यात गेली. त्यांना हा खेळ एका संध्याकाळीच समजला आणि दुसऱ्या दिवशी ते मुक्ताच्या पंगतीला जाऊन बसले. घरात माणसं तीन, त्यात दोन जाणकार आणि एक मगल. मगल पोळ्या करतो.

आता बदकाचं सांगते, कारण आम्ही घराबाहेर पडलो ते बदकापायी. मुक्तानं दोन वर्षांपूर्वी आपल्या भागात तीन डबे लपवले होते. एक देवणीला, एक नांदेडला आणि एक इस्लापूरजवळ, सहस्रकुंडच्या धबधब्यापाशी. या खेळात काही वस्तू डब्याडब्यातून प्रवास करतात. डेन्मार्कमधल्या एका बाईनं असंच एक लोकरीचं पिवळं बदक जगात सोडलं होतं. ते विणलं होतं तिच्या आईनं. म्हातारी शहाऐंशी वर्षांची, घराबाहेर पडवत नाही. तिची इच्छा एवढीच की आपल्या बदकानं जमतील तितक्या नद्या बघाव्यात. कुणी ह्या नदीवर न्यायचं, कुणी त्या. सात नद्या बघून हैदराबादच्या कुणा प्रवाशाच्या खिशातून ते बदक आमच्या पैनगंगेवर आलं, मुक्ताच्या डब्यात बसलं आणि तिथंच त्याचा मागमूस संपला. त्यानंतर तीन वेगवेगळ्या लोकांनी संकेतस्थळावर लिहिलं, डबा सापडला नाही.

मुक्ताचा चेहरा बघूनच मी म्हणाले, चला, वाटेत बाकीचे दोन डबेही बघून घेऊ. परक्या बाईची वस्तू आपल्या दारात हरवली तर झोप कशी लागेल? शिवाय भाऊबीज झाली होती, माझा शिवणक्लास आठवडाभर बंद होता, आणि चिवडा एवढा उरला होता की तो संपवायला प्रवासाशिवाय गत्यंतर नव्हतं.

निघताना मुक्तानं मला एकच अट घातली. कुणाशी बोलायचं नाही.

मला. लातूरच्या भाजीबाजारात पावशेर मेथी घ्यायला जाऊन तीन सोयरिकींची बातमी घेऊन येणाऱ्या मला.

देवणी

देवणीचा बैल ज्यांनी बघितला नसेल त्यांनी एकदा बघावा. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, लोंबते कान, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू त्यालाच गावचा कारभार बघायचा आहे. डबा होता गावाबाहेरच्या चिंचेच्या ढोलीत. चिंचेखाली असाच एक बैल घेऊन एक शेतकरी उभा. म्हणजे मगल. मुक्तानं डोळ्यांनी खुणावलं, पांगा.

मी आज्ञाधारकपणे तोंडात शंकरपाळं कोंबलं. तोंड भरलं असलं की बोलता येत नाही. मुक्ता फोन कानाला लावून नसलेल्या मैत्रिणीशी बोलू लागली. आणि आमचे हे, हातात मोबाईल समोर धरून, बांधावरून पावलं मोजत हळूहळू चालू लागले. तीस वर्षांची सवय, दुसरं काय.

शेतकऱ्यानं बघितलं, बैलाला चिंचेला बांधलं आणि विचारलं, "काय मोजलालाव साहेब?"

आता इथं माणसानं म्हणावं, काही नाही हो, फिरायला आलोय. पण ह्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "चालू द्या तुमचं. सरकारी काम आहे."

पंधरा मिनिटांत चिंचेखाली आठ माणसं जमली. रस्ता रुंद होणार, ही अफवा त्या शिवारात आधीपासूनच होती, आणि आता मोजणीवाले साहेब प्रत्यक्ष बांधावर सापडले. एकानं प्लास्टिकच्या पिशवीतून सातबारा काढून आणला. एकानं विचारलं, रस्ता डाव्या अंगानं किती फूट आत येणार. दुसरा म्हणाला, डाव्या नव्हे, उजव्या. हे दोघे सख्खे भाऊ निघाले आणि डावं-उजवं करता करता त्यांचा जुना बांधाचा वाद उकरून निघाला. ह्यांना घाम फुटला. रजेवर असलेला माणूस भर उन्हात दुसऱ्याच्या तालुक्यात दोन भावांच्या बांधाचा निवाडा करत बसला, आणि खरं सांगायचं तर चांगला केला. दोघांनाही थोडं थोडं वाईट वाटलं, म्हणजे निवाडा बरोबर असणार.

शेवटी मला राहवलं नाही. शंकरपाळं गिळलं आणि सगळं खरं सांगून टाकलं. म्हटलं, रस्ता नाही, मोजणी नाही. आम्ही चिंचेत लपवलेला डबा बघायला आलोय. डब्यात काय आहे? वही आहे. वहीत काय आहे? नावं आहेत.

आठही माणसांनी एकमेकांकडं बघून मान डोलावली. मग बैलवाला ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून समजुतीनं म्हणाला, "सांगायचं नसंल तर नका सांगू साहेब. पर बाईमाणसाला कशाला खोटं बोलायला लावलालाव?"

त्यांनी चहा पाजला, वर लिंबं दिली. गाडीत बसल्यावर कळलं की आम्ही सगळे तिकडं गर्दीत असताना मुक्तानं चिंचेच्या मागच्या बाजूनं डबा काढला, वही तपासली, डबा परत ठेवलाही. "मगलांचं लक्ष दुसरीकडं वळवावं तर बाबांनीच," ती म्हणाली. हे मान ताठ करून गाडी चालवत होते. मी लिंबं मोजली नाहीत, पण होती पुष्कळ.

नांदेड

नांदेडचा डबा गोदावरीच्या घाटाजवळ एका बाकाखाली चिकटवलेला होता. तिथं आमच्यावर आलेला प्रसंग एवढाच की मी बाकाखाली हात घालून चाचपत असताना एका सभ्य काकांनी विचारलं, चष्मा पडला का ताई? मी बोलायचं नाही म्हणून मान हलवली. ती नेमकी कशी हलली कुणास ठाऊक, पण काका स्वतः गुडघ्यावर बसून शोधू लागले. पाच मिनिटांनी ते घामाघूम होऊन उठले, माझ्याकडं बघितलं, आणि चष्मा माझ्या नाकावरच आहे हे त्यांना दिसलं. गुडघे झटकून ते निघून गेले. त्या काकांच्या घरी त्या दिवशी माझा विषय कोणत्या शब्दांत निघाला असेल, ते मला आजही ऐकू येतं.

संध्याकाळी गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो. डाळ, भाजी, खीर, आणि दोन्ही हात पुढं करून घ्यायची रोटी. एका ओळीत हजारभर माणसं जेवत होती आणि कुणी कुणाला विचारत नव्हतं, तुम्ही कुठले, कुणाचे, मुलगी काय करते. लातूरला एका माणसाला जेवू घालायचं तर आम्ही आधी त्याच्या आजोळापर्यंत जाऊन येतो. मला सारखं वाटत होतं, शेजारच्या बाईला निदान गाव तरी विचारावं. रोटी तोंडात होती म्हणून वाचले.

मुक्ता मात्र जेवली नाही धड. परत घाटावर येऊन बसलो तेव्हा तिनं फोन पुढं केला. त्या डेन्मार्कच्या बाईची पत्रं होती. मराठीत करून वाचून दाखवली. दर महिन्याला एक. आई विचारते, बदक अजून धबधब्यावरच का? आईनं धबधब्याचा फोटो छापून पलंगाशेजारी लावला आहे. आईला आता डोळ्यांमुळे विणता येत नाही, पण बदकाची चौकशी रोज असते.

"मग तू काय लिहिलंस?" हे म्हणाले.

मुक्तानं गुडघ्यांत डोकं घातलं. चार महिन्यांपूर्वी, डबा सापडत नाही असं दोघांनी कळवून झाल्यावरही, तिनं लिहिलं होतं की बदक मजेत आहे. रोज धबधबा बघतं आहे. म्हातारीला वाईट वाटू नये म्हणून लिहिलं, आणि एकदा लिहिल्यावर दर महिन्याला तेच लिहावं लागलं.

मी रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं. सासूबाईंची लोणच्याची बरणी माझ्या हातून फुटली तेव्हा ती वन्संना दिली असं सांगून मी ती अकरा वर्षं त्यांच्याकडं ठेवली होती. वन्संनीही बिचाऱ्यांनी ती जपली. तेव्हा खोटं कसं वाढत जातं, हे मला कुणी शिकवायला नको.

"उद्या सापडेल," मी म्हणाले.

"आणि नाही सापडलं तर?"

"तर उद्याच खरं लिहायचं. इथूनच, धबधब्यावर बसून."

ती हो म्हणाली. पण त्या 'हो'मध्ये जीव नव्हता. एवढ्या मोठ्या नदीसमोर बसून आम्ही तिघं वीतभर बदकाची काळजी करत होतो.

इस्लापूर

भोकर, हिमायतनगर मागं पडलं की रस्त्याच्या कडेनं सागाची झाडं सुरू होतात आणि लातूरच्या माणसाला उगाच वाटतं, आपण परदेशात आलो. आमच्याकडं झाड म्हणजे बांधावरची एकुलती एक बाभळ, तिलाही नाव असतं. इथं हळदीचे हिरवे पट्टे, वेचणीला आलेला कापूस आणि मागं जंगल. वाटेत मी चार बायकांना हात केला. बोलायचं नाही असं ठरलं होतं, हात करायचा नाही असं नव्हतं.

सहस्रकुंडला पैनगंगा एकदम खाली कोसळते. काळ्या कातळाचे जणू कुणी तुकडे तुकडे करून ठेवलेत, आणि प्रत्येक तुकड्यावरून वेगळी धार. पलीकडचा काठ विदर्भाचा. आवाज एवढा की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. मनात म्हटलं, गप्प राहायची अट पाळायला ही जागा चांगली. अंगावर तुषार उडत होते. हे चष्मा पुसत होते आणि पुसून झाला की परत भिजवून घेत होते.

मुक्ता सरळ काठापासून थोड्या वरच्या अंगाला असलेल्या एका कपारीकडं गेली. तिनंच डबा ठेवला होता, तेव्हा तिला अक्षांश-रेखांशांचीही गरज नव्हती. कपारीत हात घातला. मग दिवा घातला. मग डोकं घातलं. आत वाळू होती आणि एक बेडूक होता.

हे आले. त्यांनी मोजणीच्या पद्धतीनं कपारीच्या भोवती चौकोन पाडला आणि एकेक दगड उलटला. वर लोक धबधबा बघायला आले होते. मगलांची गर्दी. दर दोन मिनिटांनी कुणीतरी जवळ यायचं आणि हे दोघे पटकन फोटो काढल्यासारखं करायचे. दगडाचे फोटो, वाळूचे फोटो. एवढे की बेडूकही कंटाळून निघून गेला. तासाभरानं मुक्ता कातळावर बसली आणि फोनवर पत्र लिहू लागली. दोन ओळी लिहायची, खोडायची. तिच्या पाठीकडं बघून मला वाटलं, आता इथं मी उभी राहिले तर रडेन, आणि मला रडताना बघून ती रडेल.

म्हणून मी चहाला गेले.

वरच्या बाजूला एक ताडपत्रीचं दुकान होतं. चहा, चिवडा, निखाऱ्यावरची कणसं. दुकानात एक बाई होत्या, साठीच्या पुढच्या, नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी चहा मागितला. त्यांनी मला आपादमस्तक बघून घेतलं आणि म्हणाल्या, "कुठलं गाव म्हणायचं, बाई?"

दोन दिवस दाबून ठेवलेलं माझं तोंड. बांध फुटला. लातूर सांगितलं, माहेर सांगितलं, ह्यांची नोकरी, माझा शिवणक्लास, मुक्ताचं पुणं. त्यांनीही सांगितलं. नाव कौसाबाई. दोन एकर कापूस, मुलगा-सून शेतात, दुकान त्यांचं स्वतःचं. मुलीचं कुठं जमलं का, हे त्यांनी विचारलं. बघतोय, हे मी सांगितलं. चहा निम्मा झाला तेव्हा त्या म्हणाल्या, "ती खाली पोरगी तुमचीच ना? सकाळधरनं काय हुडकून राहिली?"

मी खाली बघितलं. मुक्ता पाठमोरी होती. धबधब्याच्या आवाजात तिला काही ऐकू जाणं शक्य नव्हतं.

"डबा," मी म्हणाले. "दोन वर्षांमागं त्या कपारीत ठेवलेला. हरवला आमचा."

कौसाबाईंनी कणीस फिरवायचं थांबवलं.

"कसला डबा?"

आता आली का पंचाईत. मला डब्याचं वर्णनच ठाऊक नव्हतं. मी मगल. मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं तो कसा होता ते. तेवढं कबूल केलं. कौसाबाईंनी माझ्याकडं थोडं संशयानं बघितलं.

"तुमचं नाव काय?"

"सुनंदा."

त्या उठल्या. दुकानामागं त्यांची झोपडी होती, तिथं गेल्या आणि पदराखाली काहीतरी धरून आल्या. माझ्यासमोर ठेवला तो स्टीलचा, घट्ट झाकणाचा, मध्यम आकाराचा डबा. झाकणावर ठोकून कोरलेली अक्षरं: *चि. सौ. कां. सुनंदा हिच्या लग्नात मामाकडून.*

हा डबा दोन वर्षांपूर्वी माझ्या फडताळातून नाहीसा झाला होता. तेव्हापासून मी माझ्या धाकट्या जावेशी जेवढ्यास तेवढं बोलत होते.

"घ्या बाई," कौसाबाई म्हणाल्या. "लई वाट पाह्यली तुमची."

मागल्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला पाणी चढलं, तेव्हा कपारीत काहीतरी चमकलेलं त्यांना दिसलं. वाहून जाईल म्हणून काढून आणला. सुनेनं आतली वही वाचून दाखवली. नुसती नावं, आणि पुढं लिहिलेलं, ह्यांनी शिट्टी ठेवली, त्यांनी बिल्ला ठेवला. वर झाकणावर लग्नाचं नाव. तेव्हा सासू-सुनेच्या लगेच ध्यानात आलं की ही आहेराची वही आहे. कुण्या सुनंदाबाईच्या लग्नातली. आणि आहेराची वही हरवली तर बाईनं लोकांचा आहेर फेडावा कसा? कुणी काय दिलं हेच ठाऊक नाही तर चार लोकांत नाक कापलं जाणार. म्हणून त्यांनी ती फडक्यात बांधून देवाच्या कोनाड्यात ठेवली होती.

"पण कौसाबाई," मी म्हणाले, "हा डबा हुडकायला याआधी तीनदा माणसं येऊन गेली."

"आली की. मी पाह्यलं ना. एकएक दगड उलटून राहिले होते. मी विचारलं बी, काय हारवलं का दादा? तर म्हन्ले, न्हाई, फोटो काढून राहिलो." त्यांनी कणीस उलटं केलं. "ज्याचं काही हारवलंच न्हाई त्याला काय देऊ मी?"

ज्याच्यापासून डबा लपवायचा, तो मगल तीनदा जवळ येऊन विचारून गेला, आणि तीनदा जाणकारांनी त्याला फोटो काढतोय म्हणून वाटेला लावलं.

मी कातळाच्या कडेला उभं राहून मुक्ताला हाक मारली. ऐकू गेली नाही. मग डबा डोक्यावर धरून दोन्ही हातांनी हलवला. आतून खुळखुळ आवाज आला. खालून मुक्तानं बघितलं. ती वर कशी आली ते मी पाहिलं नाही, एवढ्या झपाट्यानं आली. तिच्यामागं हे, चष्मा हातात घेऊन.

झाकण उघडलं. डबा काठोकाठ भुईमुगाच्या शेंगांनी भरलेला होता.

"रिकामा डबा कसा द्यायचा?" कौसाबाई म्हणाल्या. "पर तुमचा येन्याचा काही नेम न्हाई. संक्रांतीला तीळ घातले, त्याला मुंग्या लागल्या. मंग हरभरे घातले, त्याला भुंगा लागला. ह्या शेंगा आत्ता नव्या हायत."

मुक्ताच्या खेळात डब्यात खाण्याची वस्तू ठेवायला सक्त मनाई आहे. ती ते सांगायला तोंड उघडते की काय असं मला वाटलं. उघडलंही तिनं. मग एक शेंग फोडून तोंडात टाकली.

"आणि बदक?" तिनं विचारलं. "डब्यात एक बदक होतं, आजी. लोकरीचं. पिवळं."

कौसाबाईंचा चेहरा जरा ओशाळला. म्हणाल्या, ते झालं असं की कोनाड्यात उंदीर आला. वही फडक्यात होती म्हणून वाचली, बदकाचा एक पंख मात्र त्यानं कुरतडला. त्यांनी चोळीच्या आतून फडक्याची पुरचुंडी काढली. म्हणजे सकाळी मुक्ताला दगड उलटताना बघितलं तेव्हाच ती पुरचुंडी त्यांनी जवळ घेऊन ठेवली होती. कुणी नुसतं विचारायचीच खोटी होती.

बदक होतं. पिवळं, मळलेलं, दोन काळे मणी डोळ्यांना. एका पंखाच्या जागी लाल दोऱ्यानं बारीक, एकसारखे टाके घातलेले. वाकळ शिवायचा दोरा. मी शिवणक्लास चालवते, तेव्हा हे सांगायचा मला अधिकार आहे की तसे टाके माझ्या हातून येत नाहीत.

"पिवळी लोकर इथं कुठून मिळनार," त्या म्हणाल्या. "लाल चालतंय ना त्यांना?"

मुक्तानं त्यांना मिठी मारली. कौसाबाईंना ही शहरी रीत ठाऊक नव्हती. त्यांनी तिची पाठ थोपटली आणि माझ्याकडं बघून डोळ्यांनीच विचारलं, ही अशीच आहे का. मी मानेनं हो म्हणाले.

मग कोनाड्यातून वही आणली. मुक्ता म्हणाली, डबा ज्याला सापडला त्यानं नाव लिहायचं असतं. मी पेन हातात घेतलं होतं, खरं सांगते, माझं नाव लिहायला. मुक्तानं ते माझ्या हातातून काढून घेतलं. "तू नाही आई. तुझं तर झाकणावर आहे." सुनेला हाक मारून बोलावलं. तिनं सासूचं नाव लिहिलं, आणि आधीच्या ओळींत होतं तसं पुढं लिहिलं, ठेवलं: शेंगा, लाल दोरा. पुढं 'नेलं' एवढं लिहून तिनं विचारलं, सासूबाई, आपण काय नेलं? कौसाबाई म्हणाल्या, लिही, काही न्हाई. माझ्या पर्समध्ये दोऱ्याची रिळं होती, धंद्याची सवय. लाल, हिरवं, पिवळं अशी तीन मी त्यांच्यापुढं ठेवली तेव्हा कुठं ती ओळ पुरी झाली.

डबा मी घरी आणला असेल असं तुम्हाला वाटेल. मामानं दिलेला डबा तो. पण मुक्तानं मांडला प्रश्न: कपारीत ठेवला तर पुढच्या पावसाळ्यात वाहून जाणार. दुसरी कपार शोधली तर तिथंही पाणी येणार. हे म्हणाले, कोरड्यात राहील आणि कुणी नेणार नाही अशी या शिवारात एकच जागा आहे. कौसाबाईंना विचारलं. त्यांना खेळ समजावून सांगायचा मी प्रयत्न केला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग मिळतं काय त्यांना?"

मी आणि त्या एकमेकींकडं बघून हसलो. हे दोघे जाणकार शेंगा सोलत बसले.

आता संकेतस्थळावर त्या डब्याच्या खुणेत लिहिलेलं आहे: वर ताडपत्रीच्या दुकानात कौसाबाई असतात. त्यांनी विचारलं, काय हरवलं का, तर खरं सांगा. म्हणा, सुनंदाचा डबा. मगलाला विचारायचा डबा म्हणून तो आता त्यांच्या खेळात थोडा गाजला आहे म्हणे. दोघेतिघे येऊन गेले. प्रत्येकाला शेंगा मिळाल्या.

मुक्तानं त्या रात्री नांदेडला परतल्यावर डेन्मार्कला खरं खरं सगळं लिहिलं, चार महिन्यांचं खोटंसुद्धा. सोबत बदकाचा फोटो, धबधब्यासमोर, लाल पंखासकट. बदक पुढच्या नदीसाठी तिच्या पिशवीत होतं. दोन दिवस उत्तर नाही. हे लातूरला पोचून कामावर रुजू झाले, मी जावेकडं फराळाचं ताट घेऊन गेले. ताट भरपूर भरलं होतं. ती म्हणाली, आज काय विशेष, आणि मी म्हणाले, काही नाही गं, असंच.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. मुलीनं लिहिलं होतं की आई रागावलेली नाही. आईनं फोटो मोठा करून मागितला, भिंग घेऊन बराच वेळ बघितला आणि एकच गोष्ट म्हणाली. टाके सुंदर आहेत, पण जरा घट्ट ओढलेत.

मी कौसाबाईंच्या सुनेला फोन लावला. तिनं सासूच्या कानाला धरला. मी सांगितलं, त्या आजीबाई म्हणतात, टाके घट्ट आलेत.

मागं धबधबा वाजत होता. कौसाबाई थोडा विचार करून म्हणाल्या, "त्यांना म्हनावं, तुमच्याकडं उंदीर न्हाईत वाटतं."